वीरगळावर न कोरलेले मूल
(जुन्नर-आंबेगाव परिसरातील स्मारकशिल्पांच्या अभ्यासाची प्रस्तावना)

सार्वजनिक शिल्प ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने वापरली आहे. जे शिल्प देवळाच्या गाभाऱ्यात किंवा संग्रहालयाच्या दालनात नसून वाटेवर, वेशीत, पाराजवळ, घाटाच्या तोंडाशी किंवा चौकात उभे असते, जे पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि जे एखादी घटना वा व्यक्ती गावाच्या स्मरणात राहावी म्हणून समाजाने स्वतः उभारलेले असते, ते सार्वजनिक शिल्प होय. महाराष्ट्रात शिल्पांचा अभ्यास प्रामुख्याने दोन दिशांनी झाला आहे. एका बाजूस लेणी आणि मंदिरे यांच्या अनुषंगाने प्राचीन मूर्तिकलेचा विचार झाला, तर दुसऱ्या बाजूस गणपतराव म्हात्रे, विनायक पांडुरंग करमरकर, बाळाजी वसंत तालीम यांच्यापासून सुरू होणाऱ्या आधुनिक शिल्पपरंपरेचा. संघर्षाची किंमत कोणी मोजली, आणि ती मोजणाऱ्यांत सर्वांत लहान असणाऱ्या मुलाला दगडात वा धातूत कोठे जागा मिळाली, हा प्रश्न मात्र या दोन्ही अभ्यासांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहून गेला. तो विचारण्यासाठी कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांइतका समृद्ध प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण दोन हजार वर्षांची स्मारकपरंपरा येथे या दोन तालुक्यांतच पसरलेली आहे.

या प्रदेशाच्या मानवी इतिहासाची सुरुवात मात्र कोणत्याही स्मारकाच्या फार पूर्वीची आहे. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथे नदीने कापलेल्या काठांच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आढळतो. भूशास्त्रात अशा, उद्रेकातून हवेत उडून दूरवर जाऊन पडलेल्या राखेला टेफ्रा म्हणतात. याच परिसरात अश्मयुगीन माणसाने घडविलेली, अॅश्युलियन या नावाने ओळखली जाणारी हातकुऱ्हाडीसारखी दगडी हत्यारे मिळाल्यामुळे 1980 च्या दशकापासून बोरी हे नाव पुरातत्त्वाच्या जगात पोहोचले. राखेचे वय किती याविषयी अभ्यासकांचे एकमत झालेले नाही. काहींनी ते चौदा लाख वर्षांपर्यंत मागे नेले, काहींनी सुमारे पावणेसात लाख वर्षे सांगितले, तर इतरांनी ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची असल्याचे प्रतिपादन केले. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट कायम राहते. बोरीच्या काठावर दगड फोडून त्याला धार देणारा माणूस हा आजच्या कोणत्याही जातीचा, धर्माचा किंवा राज्याचा पूर्वज म्हणून वेगळा काढता येत नाही, आणि त्याने घडविलेला दगड हा संपूर्ण मानवजातीचा सामायिक वारसा ठरतो. मानवतेच्या एकत्वाविषयी शिल्पातून काही सांगायचे असेल, तर त्यासाठी या गावाइतका भक्कम भौतिक आधार असलेली जागा दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

स्मारकशिल्पाचा पहिला निश्चित पुरावा मात्र जुन्नरच्या पश्चिमेस, कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात मिळतो. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेख आहे आणि त्याच लेण्याच्या मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. प्रतिमागृह म्हणजे एखाद्या घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र मांडलेले दालन. भारतात त्याचे इतके जुने उदाहरण विरळच आहे, आणि हे दालन राजवाड्यात नव्हे तर व्यापारी तांड्यांच्या वाटेवर खोदले गेले. आज तेथे प्रतिमा उरलेल्या नाहीत. काही पावलांचे अवशेष आणि त्यांच्या वरच्या बाजूस कोरलेली नावे तेवढी शिल्लक आहेत. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिर यांच्या नावांबरोबरच कुमार भाय, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन अशी राजपुत्रांची नावेही त्या ओळीत आहेत. कुमार या पदाने राजपुत्राचा दर्जा सांगितला जातो, त्याचे वय नव्हे, त्यामुळे ही शिल्पे बालकांचीच होती असे म्हणता येणार नाही. तरीही पुढची पिढी राजा आणि राणी यांच्या शेजारी, त्याच भिंतीवर आणि स्वतःच्या नावानिशी उभी केली गेली, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही, कारण नंतरच्या हजार-दीड हजार वर्षांत या प्रदेशातील स्मारकांवरून ती नाहीशी होत गेलेली दिसते.

त्या नंतरच्या काळाचे मुख्य स्मारक म्हणजे वीरगळ. लढाईत, गावाच्या रक्षणात किंवा गुरे पळवून नेणाऱ्यांशी झालेल्या झटापटीत मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेला वीरगळ म्हणतात. शिलाहार आणि यादव काळापासून मराठा काळापर्यंत अशा शिळा महाराष्ट्रभर उभारल्या गेल्या, आणि जुन्नर-आंबेगाव भागातही त्या देवळांच्या आवारात, वेशीजवळ किंवा शेताच्या बांधावर आढळतात. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते आणि ती खालून वर वाचावी लागते. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला असतो, त्याच्या वर लढाईचे दृश्य असते, त्याहून वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दाखविलेला असतो. माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, म्हणजे जोवर सूर्यचंद्र आहेत तोवर ही कीर्ती टिकावी, असा त्यांचा अर्थ. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर तो वीर गोधनाच्या रक्षणात पडला असे समजले जाते. मुंबईतील एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली असून अभ्यासक तिचा संबंध तेराव्या शतकातील यादव आणि शिलाहार यांच्या संघर्षाशी जोडतात. गुंथर सोन्थायमर यांनी या शिळांकडे लोकधर्माचा पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी दिली, तर सदाशिव टेटविलकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगावच्या वीरगळांची नोंद केली. कर्नाटकातील वीरगळांवर लेख बहुधा असतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र अलिखित आहेत, त्यामुळे ज्याची कीर्ती सूर्यचंद्राइतकी टिकावी अशी इच्छा होती, त्याचे नावच आज कोणाला सांगता येत नाही.

या शिळांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. त्या राजाने नव्हे तर बहुधा कुटुंबाने किंवा गावाने उभारल्या, साध्या माणसाच्या मृत्यूला त्यांनी दगडाची प्रतिष्ठा दिली, आणि मराठी मुलखाचा लष्करी इतिहास खालून, पायदळाच्या बाजूने लिहावयाचा झाल्यास त्यांच्याइतके विश्वसनीय साधन दुसरे नाही. परंतु त्यांच्या चौकटी पुन्हा पुन्हा पाहिल्या की एक रिकामपण डोळ्यांत भरते. वीर आहे, घोडा आहे, गाई आहेत, अप्सरा आहेत, पुजारी आहे. ज्याचा बाप पडला ते मूल क्वचितच दिसते. शिळा खालून वर वाचायची असल्यामुळे दृष्टी मृत देहावरून पटकन स्वर्गाकडे जाते आणि घराकडे वळण्याची सोय रचनेतच राहत नाही. शोकाला गौरवात बदलण्याचे जे काम ही रचना अतिशय परिणामकारकपणे करते, त्याचा मोबदला मागे उरलेल्यांच्या विस्मरणाने द्यावा लागला, असे म्हणावे लागते.

वीरगळाच्या शेजारी अनेकदा सतीशिळा असते. पतीमागे सहगमन केलेल्या स्त्रीचे हे स्मारक असून खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला उजवा हात ही त्याची खूण होय. येथे मुलाची अनुपस्थिती अधिकच अस्वस्थ करते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या टीकेत, जी कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने लिहिली, सहगमनाचा धर्म सांगताना गर्भवती स्त्री आणि जिचे मूल लहान आहे अशी स्त्री यांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे ज्या काळात आणि ज्या दख्खनी प्रदेशात या शिळा उभ्या राहत होत्या, तेथील शास्त्रकाराला लहान मुलाचा जीव आणि त्याचे संगोपन हे आईच्या जगण्याचे पुरेसे कारण वाटत होते. शिल्पकाराच्या आराखड्यात मात्र त्या मुलासाठी चौकट नव्हती. या नियमाचे पालन प्रत्यक्षात किती झाले हा वेगळा प्रश्न आहे. 1829-30 मध्ये कायद्याने सतीची चाल बंद झाली, पण त्या हातांच्या शिळा आजही हळदकुंकवाने माखलेल्या दिसतात. त्यांच्यासमोर नमस्कार करणाऱ्या बाईच्या कडेवर बहुतेक वेळा मूल असते, आणि शिळेने जे सांगितले नाही ते त्या क्षणी शिळेसमोर उभे असते.

शिवनेरी किल्ल्यावर याहून कठोर स्मारक आहे, ज्यात कोणतीच आकृती नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास महादेव कोळ्यांनी मोगल सत्तेविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढल्यावर पकडलेल्या कोळ्यांना जुन्नरला आणून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला आणि त्या मस्तकांच्या ढिगावर चौथरा बांधण्यात आला, अशी हकीकत पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदविलेली आहे. उठावाच्या सरनाईकाबरोबर, म्हणजे प्रमुखाबरोबर, त्याच्या कुळाचाही उच्छेद झाल्याचे सांगितले जाते. कोळी चौथरा या नावाने ओळखली जाणारी ही जागा जिंकणाऱ्याने दहशतीसाठी बांधली आणि हरलेल्यांच्या वंशजांनी ती श्रद्धास्थान म्हणून जपली. एकाच दगडी बांधकामाचा अर्थ असा पूर्णपणे उलटल्याची उदाहरणे फार नाहीत. दरवर्षी किल्ल्यावर येणाऱ्या असंख्य लोकांपैकी थोडेच या चौथऱ्यापाशी थांबतात, ही खेदाची बाब आहे.

त्याच किल्ल्यावर, त्या उठावाच्या काही दशके आधी, 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. जन्मस्थानानजीकच्या शिवकुंज या स्मारकात जिजाऊ आणि बालशिवाजी यांचे शिल्प आहे, आणि महाराष्ट्रात बालपणाचे सर्वाधिक पाहिले जाणारे सार्वजनिक शिल्प कोणते असे विचारल्यास या विषयावरील शिल्पांचेच नाव घ्यावे लागेल. त्याचे दर्शन घेताना सहसा पुढच्या पराक्रमाचा विचार मनात येतो. मागचा संदर्भही तेवढाच लक्षात घेण्यासारखा आहे. जुलै 1629 मध्ये जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारात, दौलताबादेस, मुलांसह हत्या झाली होती. शहाजीराजे सतत मोहिमांवर होते. 1630 पासून दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. शिवनेरीची निवड एका गर्भवती स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी झाली होती. त्या दृष्टीने पाहिल्यास शिवकुंजातील माता ही राजमाता होण्यापूर्वी माहेर गमावलेली आणि युद्धाच्या काळात गडावर आसरा घेतलेली स्त्री आहे, आणि तिच्यासोबतचे मूल हे संघर्षाच्या छायेत जन्मलेले मूल आहे. पुढे 1664 साली शहाजीराजांच्या मृत्यूनंतर याच मुलाने मोठेपणी आईला सहगमनापासून परावृत्त केले, ही बखरींनी नोंदविलेली घटना सतीशिळांच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे.

पुण्यातील लालमहालाच्या आवारातील समूहशिल्पाचा विषय याहून नेमका आहे. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, गावावरून गाढवाचा नांगर फिरविला आणि पहार ठोकून जागा शापित ठरविली, असे परंपरा सांगते. त्यानंतर काही वर्षांनी जिजाऊंनी बालशिवाजीच्या हातून त्याच जमिनीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर चालविला, आणि तो क्षण लालमहालात शिल्परूपाने उभा करण्यात आला. युद्धाने ओस पाडलेली जमीन एका मुलाच्या हातांनी पुन्हा लागवडीस आणली जाते, ही कल्पना शिल्पासाठी इतकी मोठी आहे की जगातील कोणत्याही युद्धस्मारकाच्या बरोबरीने ती ठेवता येईल. दुर्दैवाने या शिल्पाची चर्चा झाली ती मुख्यतः त्यातील दादोजी कोंडदेवांच्या आकृतीवरून. ती आकृती डिसेंबर 2010 मध्ये हटविण्यात आली. दादोजी शिवाजी महाराजांचे गुरू होते की नव्हते या वादात ऐतिहासिक साधनांचा जो ऊहापोह झाला तो आवश्यक होता, परंतु नांगर, उजाड गाव आणि मुलाचे हात यांविषयी जवळजवळ कोणीच बोलले नाही. सार्वजनिक शिल्पाकडे पाहण्याची मराठी समाजाची सवय त्यातून दिसते. शिल्पात कोण आहे हे विचारले जाते, तेथे काय घडते आहे हे फारसे विचारले जात नाही.

आधुनिक काळात लढाईचे स्मारक लेखाकडे वळले. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी फलक बसविले, ज्यांवर गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती मेली एवढेच आकडे आहेत. स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांना मात्र नाव मिळाले. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळ हे बाबू गेनू सैद यांचे गाव. गरिबीत वाढलेला आणि मुंबईत गिरणीकामगार झालेला हा तरुण 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापड वाहून नेणाऱ्या ट्रकसमोर आडवा झाला आणि मारला गेला, तेव्हा त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. नंदुरबार येथे 9 सप्टेंबर 1942 रोजी मिरवणुकीवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे चार सहकारी मरण पावले. त्यांचे स्मारक हे महाराष्ट्रातील अशा मोजक्या स्थळांपैकी एक आहे जेथे संघर्षात मेलेले मूल स्वतःच्या नावाने ओळखले जाते. तेथेही हुतात्मा हे पद बालकत्वाच्या पुढे उभे राहते, आणि शाळेच्या वर्गात रिकाम्या झालेल्या जागेपर्यंत पाहणाऱ्याचा विचार सहजी पोहोचत नाही.

विसाव्या शतकातील युरोप आणि जपान येथील शिल्पकारांनी हीच अडचण वेगळ्या प्रकारे सोडविली. जर्मन शिल्पकार केथे कोलविट्झ यांचा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्यासाठी त्यांनी केलेले स्मारक पूर्ण व्हायला 1932 साल उजाडले, आणि त्यात मुलाची आकृती नाहीच. एकमेकांपासून अंतर ठेवून गुडघे टेकलेले आईबाप तेवढे आहेत. झेकोस्लोव्हाकियातील लिदिचे हे गाव जून 1942 मध्ये नाझींनी नष्ट केले आणि तेथील 82 मुलांना विषारी वायूने मारले. मारी उखितिलोव्हा यांनी त्या प्रत्येक मुलाची पूर्णाकृती घडविण्यास दोन दशके वाहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर पतीने ते काम तडीस नेले. हिरोशिमा येथील बालशांतिस्मारक 1958 साली उभे राहिले. बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली आणि 1955 साली रक्ताच्या कर्करोगाने गेलेली सादाको सासाकी ही मुलगी त्यामागची प्रेरणा आहे, आणि तिच्या शाळासोबत्यांनी त्यासाठी निधी जमविला होता. यांपैकी लिदिचेच्या शिल्पात आकृतीचे पाहणाऱ्याशी असलेले नाते फार विचारपूर्वक सांभाळले आहे. तेथील मुले उंच चौथऱ्यावर नाहीत, त्यामुळे पाहणारा थेट त्यांच्यासमोर उभा राहतो.

मराठी शिल्पकारांजवळ ही दृष्टी नव्हती असे नाही. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे 1925 साली जन्मलेल्या राम सुतार यांनी गांधीसागर धरणावर चंबळ नदीची 45 फूट उंचीची मातृमूर्ती घडविली आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही दोन राज्ये तिच्याजवळची दोन मुले म्हणून दाखविली. ज्या नदीच्या पाण्यावरून तंटा होऊ शकला असता, तिला दोन भावंडांची आई करणे हा सामायिक मानवतेचा अत्यंत सोपा आणि म्हणूनच टिकाऊ शिल्पविचार आहे. हरिजन मुलांना जवळ घेतलेल्या गांधीजींचे त्यांचे शिल्पही याच जातीचे. त्यांची ख्याती मात्र पुढे उंचीच्या आकड्यांशी जोडली गेली, आणि शिल्प किती फूट उंच यावरून त्याचे मोठेपण ठरविण्याची रीत त्यानंतर अधिकच पक्की झाली. ही रीत बालपणाच्या शिल्पाला मारक आहे, कारण उंची वाढत गेली की मूल मूल राहत नाही.

या पार्श्वभूमीवर बोरी बुद्रुकसारख्या गावात बालपण, मानवतेचे एकत्व आणि संघर्षाची किंमत यांविषयी नवे शिल्प उभारावयाचे झाल्यास ते जमिनीलगत असावे, स्थानिक काळ्या बेसाल्टचे असावे, त्यात मूल खऱ्या मुलाएवढे असावे आणि वीरगळाची चौकट घेऊन तिच्या सर्वांत खालच्या पट्टात, पडलेल्या वीराच्या शेजारी, त्या मुलाला जागा द्यावी. शिल्पाला हार घालण्यासाठी शिडी लागत असेल तर आराखडा चुकला असे समजावे.

नव्या शिल्पाआधी जुन्या शिळांकडे मात्र तातडीने लक्ष द्यावयास हवे. देवळांच्या जीर्णोद्धारात वीरगळ पायऱ्यांखाली जातात, भिंतीत उलटे बसविले जातात, त्यांच्यावर ऑइलपेंट किंवा सिमेंट चढते, आणि रस्तारुंदीकरणात काही कायमचे नाहीसे होतात. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने आपल्या शिवारातील वीरगळ, सतीशिळा आणि युद्धफलक मूळ जागेवर असतानाच त्यांची छायाचित्रांसह नोंद करावी, त्यांत कोणत्या चौकटीत काय कोरले आहे हे लिहावे, रंग किंवा सिमेंट लावू नये, पाणी आणि मऊ ब्रश यांपलीकडे काही वापरू नये आणि शिळा हलवावी लागल्यास पुरातत्त्व विभागास आधी कळवावे. हे काम मुलांकडून करवून घ्यावे, अशी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शिक्षकांना विनंती आहे.